नाही म्हणण्याची सोय : जव्हार-मोखाड्यात मानसशास्त्रीय अभ्यासाला जाणाऱ्यांसाठी

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात प्रश्नावली घेऊन जाणारे तुम्ही पहिले नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातले बालमृत्यू राज्यभर गाजले आणि तेव्हापासून या डोंगरपट्टीत पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली. मंत्री आले, अधिकारी आले, पत्रकार आले, संस्था आणि विद्यापीठांचे विद्यार्थी आले. २०१६ च्या पावसाळ्यात मोखाड्यातल्या बालमृत्यूंनंतर पुन्हा तेच झालं. पाड्यावरच्या एखाद्या आईनं आपल्या गेलेल्या लेकराची हकिगत किती अनोळखी माणसांना सांगितली असेल, याची नोंद कुठल्याही अहवालात सापडत नाही.

आता मानसशास्त्राचे आणि समाजकार्याचे विद्यार्थीही या तालुक्यांत अभ्यासासाठी येतात. कुपोषित बालकांच्या आयांमधलं नैराश्य, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांवरचा ताण, आश्रमशाळेतल्या मुलींचा आत्मविश्वास, दारू, भगताकडे जाण्यामागची कारणं असे विषय असतात. विषय खोटे नाहीत. या भागात मनाच्या आजाराकडे कुणी फारसं बघत नाही, म्हणून असा अभ्यास व्हायलाच हवा. पण मानसशास्त्रात सुई टोचत नाहीत, गोळी देत नाहीत, तेव्हा इजा ती काय होणार, असं अनेकांना वाटतं. इजा होते. बाळ गेलेल्या बाईला ‘स्वतःला दोष द्यावासा वाटतो का’ असं विचारून आपण जीप पकडतो आणि ती रात्र तिला एकटीला काढावी लागते. नवऱ्याच्या दारूबद्दल ती जे बोलली ते संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर गेलेलं असतं. वर्गात कुणा मुलीच्या चाचणीचे गुण मोठ्यानं वाचले जातात आणि ‘मंद’ हा शिक्का तिला दहावीपर्यंत पुरतो.

हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी आहे. त्यातला थोडा भाग आशाताई, शिक्षक आणि ग्रामसभेच्या मंडळींसाठीही आहे, कारण अभ्यासक आधी त्यांच्याच दारात येऊन उभे राहतात.

सांगायचं ते एकच आहे. ज्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा : हा माणूस, या जागी, या लोकांसमोर मला नकार देऊ शकेल का, आणि दिला तर त्याचं काही जाईल का? याचं उत्तर डळमळीत असेल तर अभ्यासाची आखणी बदला.

खम्ममचे फॉर्म

न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची, हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा, बेलमाँट अहवाल १९७९ चा. हे सगळं अभ्यासक्रमात असतं. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्राम यांनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांचीही वर्गात चर्चा होते : आपण समोरच्याला विजेचे झटके देतो आहोत असं सहभागींना खोटंच भासवलं होतं आणि कित्येक जण त्यानं हादरून गेले. पण जव्हारला जाणाऱ्यानं याहून जवळचं उदाहरण नीट समजून घ्यावं. ते आहे खम्ममचं.

२००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, आणि राज्य सरकारं त्यात होती. खम्ममच्या अनेक मुली आदिवासी होत्या आणि वसतिगृहांत राहत होत्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर महिला संघटनांनी आवाज उठवला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण चौकशीत संमतीची जी अवस्था समोर आली ती भयंकर होती. संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल ऑगस्ट २०१३ मध्ये आला. आंध्रातल्या ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहांच्या गृहपालांनी सह्या केल्या होत्या. आईबापांना न विचारता.

हा प्रकल्प लसीचा होता, मानसशास्त्राचा नव्हता. तरीही तो इथे सांगतो आहे, कारण जव्हार-मोखाड्याची रचना अगदी तशीच आहे. जव्हारला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि त्याच्या हाताखाली आश्रमशाळा आहेत. शेकडो मुलं एका आवारात, एका घंटेवर उठणारी, एका माणसाच्या शब्दावर रांगेत बसणारी. प्रश्नावली भरून घ्यायची तर याहून सोयीची जागा नाही. मुख्याध्यापक म्हणतात, ‘‘आठवी-नववीचे दोन्ही वर्ग बसवून देतो, तासाभरात उरकून घ्या.’’ विद्यार्थ्याला एका दुपारी दीडशे नमुने मिळतात. इथेच थांबायला शिका.

आश्रमशाळेत

मुख्याध्यापक किंवा अधीक्षक शाळेत येण्याची परवानगी देऊ शकतात. मुलाच्या मनात डोकावण्याची परवानगी त्यांच्या हातात नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलासाठी आई किंवा वडील किंवा कायदेशीर पालकाची संमती लागते, आणि त्याशिवाय मुलाचा स्वतःचा होकारही लागतो : सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, बारा ते अठरापर्यंत लेखी. आईबापांनी हो म्हटलं आणि मुलगा मान खाली घालून बसला, तर त्या मुलाला सोडून द्यायचं.

आता अडचण येते ती आईबाप सापडण्याची. दिवाळी झाली की मोखाड्याच्या पाड्यांवरली कुटुंबं भिवंडी, वसई, वाड्याकडे वीटभट्ट्यांवर जातात, शिमग्याला काही दिवस परततात आणि कित्येक जण पावसाच्या तोंडावरच घरी येतात. ज्या विद्यापीठात प्रबंधाची सामग्री जानेवारी-फेब्रुवारीत गोळा करायची पद्धत आहे, तिथला विद्यार्थी नेमका पालक नसताना शाळेत पोचतो, आणि मग गृहपालाची सही सोपी वाटू लागते. त्यावर उपाय वेळापत्रकातच आहे. जूनमध्ये शाळा उघडताना पालक मुलांना सोडायला येतात, सुट्टीसाठी न्यायला येतात, त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी बसा. पाड्यावर जायचं तर भाताची लावणी आटोपल्यावर जा. प्रबंध सहा महिने पुढे गेला तरी चालेल. मार्गदर्शकांनी हे विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगायला हवं, कारण तारखांचं दडपण शेवटी मुलांच्या डोक्यावर येऊन पडतं.

वर्गात बसवून प्रश्नावली देणार असाल तर शिक्षकांना बाहेर जायची विनंती करा. ज्यांना भरायची नाही त्यांच्यासाठी तेवढाच वेळ चालेल असं दुसरं काही ठेवा, चित्र काढायचा कागद, गोष्टीचं पुस्तक. म्हणजे कोण नाही म्हणालं हे कुणाला कळणार नाही. गोळा करताना भरलेला कागद आणि कोरा कागद सारखाच दिसू दे.

बुद्धिमत्तेच्या किंवा एकाग्रतेच्या चाचण्या इथे वापरताना फार जपून. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचं मराठी आणि कानडी रूप १९३० च्या दशकातच तयार केलं, तेव्हापासून आपल्याकडे हे भान आहे की परक्या मुलांवर बेतलेली चाचणी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही. तेच भान पुण्या-मुंबईच्या मुलांवर बेतलेली चाचणी घरात वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला लावताना का सुटावं? घड्याळ लावून उत्तरं मागणारी, लिफ्ट आणि टोस्टरची चित्रं दाखवणारी चाचणी त्या मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. तिचे गुण शाळेला देऊ नका.

परवानग्यांची उतरंड

पहिली परवानगी तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची. आयसीएमआरच्या नियमांनुसार तिच्यात ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, कायदा जाणणारा असतो, समाजशास्त्राचा माणूस असतो आणि एक सामान्य नागरिकही असतो. अनेक कला महाविद्यालयांत अशी समितीच नसते आणि मार्गदर्शकाची सही पुरेशी मानली जाते. ती पुरेशी नाही. दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिच्याकडून छाननी करून घेता येते. मुंबईत ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वं तयार झाली, तीही वाचून जा. सर्वेक्षण आणि मुलाखती करणाऱ्याला ती जास्त जवळची वाटतील.

आदिवासी समाजाबाबत आयसीएमआरची तत्त्वं आणखी कडक आहेत आणि त्यातली पहिलीच अट बहुतेक प्रबंधांना अडचणीत आणणारी आहे : आदिवासींवरचं संशोधन निदान, उपचार किंवा प्रतिबंध अशा ठोस कामाचं असेल आणि त्याचा लाभ त्यांना होणार असेल, तरच करावं. म्हणजे ‘वारली आणि बिगरआदिवासी युवकांच्या आत्मप्रतिमेची तुलना’ असला विषय घेऊन केवळ पदवीसाठी मोखाड्याला जाण्याचं कारण नाही. हाच प्रश्न ठाण्याच्या तुमच्या गल्लीत विचारता येत असेल तर तिथे विचारा. माझ्या मते निम्मे प्रस्ताव इथेच थांबायला हवेत.

जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास विभागाची परवानगी घ्या. त्यानंतर गावाकडे या. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. ग्रामसभेसमोर स्वतः उभं राहून अभ्यास समजावून सांगा. सरपंचांच्या लेटरहेडवर दोन ओळी आणि शिक्का मिळवणं म्हणजे ग्रामसभेची परवानगी नव्हे. ग्रामसभेनं प्रश्न विचारले, अट घातली, ‘या पाड्यावर नको’ म्हटलं, तर ते लिहून घ्या आणि पाळा. आणि ग्रामसभेनं हो म्हटलं तरी घरातल्या माणसाला वेगळं विचारावंच लागतं. गावाच्या होकारावर कुणाही एकाचा होकार गृहीत धरता येत नाही, हे तत्त्वांतच स्वच्छ लिहिलेलं आहे.

कातकरी वस्तीबद्दल खास सांगायचं आहे. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक; दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. अशा समूहांतली मुलं, गरोदर बाया आणि वृद्ध यांना संशोधनात घेणं टाळण्याची जास्तीची काळजी घ्यावी असं तत्त्वं सांगतात. गावाच्या कडेला असलेल्या त्यांच्या वस्तीत नकार देण्याची ताकद सगळ्यांत कमी असते आणि म्हणूनच तिथे ‘प्रतिसाद’ सगळ्यांत चांगला मिळतो. त्या प्रतिसादावर खूश होऊ नका.

तुमच्यासोबत कोण आहे?

नव्या माणसाला पाडा कळत नाही, म्हणून आशाताई किंवा अंगणवाडी सेविका सोबत घेतात. त्यांच्याशिवाय काम होत नाही हे खरं. पण घरातल्या बाईच्या बाजूनं बघा. बाळाचं वजन हीच सेविका लिहिते. २०१५ पासून सुरू असलेल्या अमृत आहार योजनेचं गरोदरपणातलं जेवण हिच्याच अंगणवाडीतून मिळतं. तिनं दारात येऊन ‘‘ताई मुंबईहून आल्यात, जरा बोल त्यांच्याशी’’ म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? सेविकेचा हेतू वाईट नसतो, तिच्या हातात जे आहे त्याचंच वजन पडतं. तिनं ओळख करून द्यावी आणि निघून जावं, हे आधी ठरवून घ्या. संमतीचं बोलणं ती गेल्यावर सुरू करा. शक्य असेल तर पहिल्या दिवशी फक्त ओळख आणि माहिती, विचारणं दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्रीत घरात बोलणं होतं, आणि नाही म्हणायचं असेल तर ती सकाळी रानात निघून जाते. तिला शोधत जाऊ नका. तो नकारच आहे.

दुभाषा लागत असेल तर सेविकेचा मुलगा, पोलीस पाटील किंवा शिक्षक नको. त्याच बोलीची, पण दुसऱ्या पाड्यावरची, शिकलेली मुलगी शोधा, तिला मजुरी द्या आणि ऐकलेलं कुठे बोलायचं नाही हे तिच्याकडून पक्कं करून घ्या.

वीटभट्टीवर ही गोष्ट फार टोकाला जाते. पावसाळ्यात शेठकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कुटुंब तिथे बांधलेलं असतं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे, तरी त्यानंतरही तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवण्यासाठी लढावं लागलं. अशा ठिकाणी शेठच्या परवानगीनं, शेठच्या आवारात, शेठच्या माणसासमोर ‘कामाचा ताण’ मोजणं निरर्थक आणि धोक्याचंही आहे. खरं बोलणाऱ्याला तुम्ही गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागेल. भट्टीवरच्या जगण्याबद्दल विचारायचं असेल तर माणसं गावी परतल्यावर विचारा.

काय सांगायचं, कसं सांगायचं

गाडी, फाईल आणि चष्मा दिसला की माणसं यादी आली असं समजतात. घरकुलाची, रेशनची, कशाची तरी. तो गैरसमज तुमच्या फायद्याचा असतो, म्हणून तो मोडायचं काम तुमचं. संमतीपत्रक छापील मराठीत वाचून दाखवू नका. ते पाठीशी असू दे, तोंडी असं काही सांगा :

‘‘मी कॉलेजात शिकते. मी सरकारची नाही, दवाखान्याची नाही, बँकेची नाही. मी लिहून घेतलं म्हणून तुम्हाला घरकुल मिळणार नाही. तुम्ही बोलला नाहीत तर रेशन, अंगणवाडीचा आहार, रोजगार हमीचं काम, यातलं काही बंद होणार नाही. मी झोप लागते का, मनाला काय त्रास होतो, असं विचारणार आहे. अर्धा तास लागेल. एखादं सांगायचं नसेल तर सांगू नका. मधेच थांबायचं असेल तर थांबू. तुमचं नाव लिहिणार नाही. आज नको वाटत असेल तर नको.’’

मग विचारा : ‘‘मी कशाला आलेय असं तुम्हाला वाटतं? माझ्याशी बोललं नाही तर काय होईल?’’ उत्तरात योजना किंवा डॉक्टर आला, तर पुन्हा सांगा. तरीही आला तर मुलाखत घेऊ नका.

लिहिता न येणाऱ्यासाठी अंगठा आणि तुमच्या अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार, अशी पद्धत आहे. पण या पट्ट्यात अंगठ्याला इतिहास आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन आयुष्यभर राबणारे लग्नगडी याच जिल्ह्यात होते, आणि १९४५ चा वारल्यांचा उठाव त्याच वेठीविरुद्ध होता. कागदावर अंगठा उठवला की काहीतरी हातातून जातं, ही समज घराघरांत आहे. अंगठ्याला कुणी बिचकलं तर ते अडाणीपण समजू नका. साक्षीदारासमोर तोंडी संमती घेऊन ती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी नैतिकता समितीकडून आधीच घेऊन ठेवा.

फसवणुकीवर उभे असलेले प्रयोग, म्हणजे खरा हेतू लपवून शेवटी उलगडून सांगायचे, ते इथे करूच नयेत असं माझं ठाम मत आहे. मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला नंतर सांगितलं की तो हसून सोडून देतो. इथे ‘आम्हाला फसवलं’ एवढंच उरेल, आणि पुढे लसीकरणाला येणाऱ्या परिचारिकेलाही ते भोवेल.

नवव्या प्रश्नाची तयारी

नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी जगभर वापरतात, आपल्याकडेही सर्रास. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, याला ० ते ३ गुण, एकूण २७. नववा प्रश्न मरून जावंसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. शहरातले विद्यार्थी तो इतर आठांसारखाच वाचून पुढे जातात. समोरची बाई ‘‘रोजच वाटतं’’ म्हणाली तर तुम्ही काय करणार, हे लिहून ठेवल्याशिवाय हा प्रश्न विचारायचा नाही.

लिहून ठेवायचं म्हणजे काय? जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनाच्या आजाराचं कोण बघतं, कोणत्या वारी बघतं, हे स्वतः जाऊन विचारून या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या माणसांना अभ्यास सुरू होण्याआधी भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. पण अनेक पाड्यांवर रेंज नसते, तेव्हा नुसता क्रमांक लिहून देणं म्हणजे जबाबदारी संपवणं झालं. रेंज असलेल्या टेकाडापर्यंत सोबत चला. दवाखान्यापर्यंतच्या जीपच्या भाड्याची तरतूद अभ्यासाच्या खर्चात धरा. एकटं सोडू नये अशी स्थिती असेल तर तिच्या संमतीनं घरातल्या विश्वासाच्या माणसाला थांबवा, आणि तुम्हीही थांबा. शेवटची एसटी गेली तरी. यातलं काहीच शक्य नसेल तर ती यादी वापरू नका, साधे प्रश्न विचारा.

मूल दगावलेल्या आईकडे जाण्याआधी विचारा की मला जे हवंय ते नोंदींत सापडेल का. मृत्यूची तारीख, वजन, आजार हे अंगणवाडीच्या आणि आरोग्य केंद्राच्या दप्तरात असतं. त्यासाठी तिला पुन्हा त्या आठवणीत नेऊ नका. तिच्या मनाबद्दलच विचारायचं असेल तर पहिल्या भेटीत नको. ती रडली म्हणून मुलाखत ‘समृद्ध’ झाली असं समजू नका. वही मिटा, पाणी द्या, वेळ जाऊ द्या, आणि पुढे बोलायचं की नाही हे तिला ठरवू द्या. फोटो नको. तोंड झाकून काढलेला फोटोही नको.

गुपित राखण्याची मर्यादा

दोन-चार डझन घरांच्या पाड्यात नाव बदलून काही लपत नाही. ‘अमुक पाडा, तिशीतली, दोन मुलं दगावलेली, नवरा भट्टीवर’ एवढं लिहिलं की सगळ्यांना कळतं. म्हणून अहवालात पाड्याचं आणि गावाचं नाव नको, वय ढोबळ, दोन-तीन जणींच्या तपशिलांची सरमिसळ केली असेल तर तसं स्पष्ट लिहा. गावाचीही अब्रू असते. ‘या गावात इतके टक्के पुरुष व्यसनी’ हे वाक्य वर्तमानपत्रात गेलं की तिथल्या मुलांना बाहेर काम मिळताना ते आडवं येतं. मुलाखतींची ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर मार्गदर्शकांना पाठवू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही गुप्त ठेवूच शकत नाही. पोक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आश्रमशाळेतल्या मुलीला ‘तू सांगशील ते कुणालाही कळणार नाही’ असं वचन देणारा अभ्यासक खोटं वचन देतो. आधीच सांगा : ‘‘तुला कुणी त्रास देत असेल आणि तू मला सांगितलंस, तर तुझ्या मदतीसाठी मला ते पुढे सांगावं लागेल.’’ मग काय सांगायचं ते तिला ठरवू द्या. सतरा वर्षांची विवाहित, गरोदर मुलगी भेटली तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण कायद्याच्या नजरेत तो नवराही आरोपी ठरू शकतो आणि पोलिसांच्या भीतीनं ती दवाखान्यात जाणंच टाळेल. वयाचा आणि लग्नाचा प्रश्न तुमच्या अभ्यासाला खरोखर लागतो का, याचा विचार नैतिकता समितीसमोर, वकील सदस्याला विचारून, गावात जाण्याआधी करा. दारात उभं राहून याचा निर्णय होत नाही.

वेळेचे पैसे

मार्च ते मे या महिन्यांत मोखाड्याच्या बाईचा अर्धा तास म्हणजे पाण्याची एक खेप. ज्या तालुक्यात मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण आहे, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तेव्हा तिचा वेळ फुकट घेऊ नका. बुडालेल्या मजुरीइतका मोबदला द्या, रोजगार हमीच्या दराचा आधार घ्या. अर्ध्यात थांबलेल्यालाही पूर्ण द्या. पूर्ण केलं तरच पैसे, असं ठेवलं तर थांबण्याची मोकळीक कागदावरच राहते. रक्कम इतकी मोठीही नको की केवळ तिच्यासाठी माणूस मन मारून बोलेल. ती नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या.

पाड्यावरच्या वाचकांना

कुणी अभ्यासाला आलं तर त्याला बसवून विचारा : तुमच्या अभ्यासाला कोणत्या समितीनं परवानगी दिली, ते पत्र दाखवा. तक्रार करायची तर कुणाचा फोन लावायचा? हा फोन लागतो का ते तिथेच लावून बघा. जमवलेली माहिती कुठे ठेवणार? याआधी आमच्याच गावात झालेला अभ्यास तुम्ही वाचलात का? अहवाल कधी आणून दाखवणार? उत्तरं पटली नाहीत तर परत पाठवा. आशाताई, तुम्हाला कुणी घरं दाखवायला सांगितलं तर ते तुमच्या कामात मोडत नाही. हवं तर करा, पण मोबदला मागा, आणि एखाद्या बाईला बोलायचं नाही असं दिसलं तर तिच्या वतीनं तुम्हीच नाही म्हणा.

परत जाणं

याच जिल्ह्यातल्या भूमिसेना या आदिवासी संघटनेच्या चळवळीवर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सहभागी संशोधनाच्या जगभरच्या चर्चेत आजही उल्लेखला जातो. लोकांचं स्वतःचं ज्ञान, त्यांनी स्वतः केलेलं विश्लेषण, हाच त्या चर्चेचा गाभा. एम. ए.च्या प्रबंधाकडून तेवढी अपेक्षा नाही, पण निष्कर्ष आधी गावाला सांगणं मात्र जमण्यासारखं आहे. विद्यापीठात सादर करण्यापूर्वी जा, म्हणजे कुणी ‘‘हे असं नाही’’ म्हणालं तर दुरुस्त करता येईल. दोन पानांचा सोपा मजकूर न्या आणि बोलीत सांगणारं कुणी सोबत घ्या. त्यात कुणाचीही वैयक्तिक गोष्ट नको. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि प्रकल्प कार्यालयाला वेगळी प्रत द्या, आणि तुमच्या निष्कर्षातून त्यांनी करण्यासारखं एखादं काम निघत असेल तर ते पहिल्याच पानावर लिहा. दिवाळीनंतर जाऊ नका, घरांना कुलपं असतील. भात कापून झालं आणि माणसं अजून गावात आहेत असे थोडे दिवस मिळतात. ग्रामपंचायतीत विचारून त्यातल्याच एखाद्या ग्रामसभेची तारीख ठरवा, आणि ती तारीख अभ्यास सुरू करतानाच लोकांना सांगून ठेवा.